सेटलमेंट ते लोहारा

सोलापूरहून लोहाऱ्याला जायचे तर हैदराबाद महामार्ग धरायचा, नळदुर्ग आणि जळकोट मागे टाकायचे आणि आष्टामोडला डावीकडे वळायचे. दोन्ही बाजूंना काळी जमीन, खरिपात सोयाबीन आणि तूर, मधूनच उसाचा हिरवा पट्टा. नळदुर्गाचा किल्ला सोडला तर प्रवाशांची गर्दी खेचील असे या वाटेवर फारसे काही नाही. तरीही पोलिसांच्या हातातल्या जीवघेण्या बळाचा विचार करायला महाराष्ट्रात याहून योग्य रस्ता मला माहीत नाही. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, आणि पोलिसांचे बळ कोणावर पडते हा प्रश्न जगभर विचारला गेला. आपल्याकडेही हळहळ झाली. पण आपल्याकडची चर्चा बहुधा शेवटच्या क्षणाभोवतीच फिरते: गोळी स्वसंरक्षणासाठी झाडली की ठरवून, कोठडीतला माणूस आजाराने मेला की माराने. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. माझे म्हणणे एवढेच की ते उशिरा विचारलेले प्रश्न आहेत. गोळी किंवा लाठी चालण्याच्या कितीतरी आधी, काही माणसांवर संशय घ्यायला कारण लागत नाही असे ठरून गेलेले असते. तो निर्णय कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर घेतला, याचा पुरावा सोलापूर ते लोहारा या पट्ट्यात जागोजाग पडलेला आहे.

सुरुवात सोलापूरलाच होते. तिथल्या एका वस्तीला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. इंग्रजांनी १८७१ साली ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता; १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला आणि १९२४ साली त्याला अधिक पक्के रूप मिळाले. सरकारने राजपत्रात एखाद्या जमातीचे नाव छापले की त्या जमातीत जन्मलेल्याची नोंद व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागायची, गाव सोडायचे तर पास लागायचा. नोंदलेला माणूस चोरीच्या बेतात होता असे न्यायालयाला परिस्थितीवरून वाटले तरी त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. प्रत्यक्ष चोरी झालेली असण्याची गरज नव्हती. सोलापूरच्या या ‘सेटलमेंट’मध्ये, तारेच्या कुंपणात, पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी अशा जमातींची कुटुंबे ठेवली गेली, आणि तिथल्या माणसांचे श्रम शहरातल्या कापडगिरण्यांच्या उपयोगी पडले. सुधारणेचे नाव, कुंपणाची व्यवस्था आणि स्वस्त मजूर या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र नांदल्या. या वसाहतींतून शाळा निघाल्या, काही मुले शिकली, हे मान्यच केले पाहिजे. पण शिकलेल्या त्या मुलाच्या बापाचा अपराध कोणता होता, या प्रश्नाला त्या सगळ्या कागदपत्रांत ‘जन्म’ याखेरीज उत्तर सापडत नाही. स्वातंत्र्य आले तेव्हाही कुंपण उभे होते. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी आणि समतेची हमी देणारे संविधान लागू झाल्यावर अडीच वर्षांनी. पुढे १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्याचा रोख व्यक्तीवर होता, जमातीवर नव्हता. मात्र तो राबवणारी ठाणी, त्यांतली दप्तरे आणि माणसे तीच होती.

सोलापूर मागे पडते आणि बोरी नदीच्या काठावर नळदुर्ग दिसू लागतो. पाणीमहाल आणि नर-मादी धबधबे पाहायला पावसाळ्यात इथे गर्दी होते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले हे बांधकाम विलक्षण आहे. धरणाच्या पोटात महाल बांधण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला दाद द्यावीच लागते. माझ्या विषयाच्या दृष्टीने मात्र किल्ल्याचा एक पुढचा रहिवासी अधिक महत्त्वाचा आहे. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला आणि कर्नल फिलिप मेडोज टेलर नळदुर्गचा कारभारी म्हणून आला. १८५७ पर्यंत तो इथे होता. आजचा धाराशिव जिल्हा त्या काळी नळदुर्गच्याच नावाने ओळखला जाई, म्हणजे लोहाऱ्याची शिवारेही याच कारभाराखाली होती. टेलरने रस्ते केले, जमिनीची मोजणी केली, आणि रयतेविषयी त्याला खरी आस्था होती. हाच टेलर ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ सालच्या कादंबरीचा लेखक. निजामाच्या चाकरीत तरुणपणी त्याने ठगांच्या तपासाचे काम केले होते. ती कादंबरी इंग्लंडात अफाट गाजली, आणि हिंदुस्थानात गुन्हा ही रक्तातून उतरणारी गोष्ट आहे ही समजूत घरोघर पोचवण्यात तिचा वाटा मोठा होता. त्याच सुमारास इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन ठगांच्या वंशावळी तयार करत होता; कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाचा भाचा, हे तपासाचे साधन बनले. १८३६ च्या ठगीच्या कायद्याने तर विशिष्ट खून शाबीत करण्याची गरजच काढून टाकली. टोळीशी संबंध शाबीत झाला की जन्मठेप. पस्तीस वर्षांनी आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याची मुळे इथे आहेत. तो कायदा करताना युक्तिवाद असा होता की या देशात धंदे जसे जातीने ठरतात, तसा गुन्हाही काही जातींचा वडिलोपार्जित धंदा असतो. टेलर दुष्ट नव्हता, आणि म्हणूनच त्याचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. जन्मावरून संशय घेण्याची पद्धत क्रूर माणसांनीच चालवावी लागते असे नाही. कर्तबगार, अभ्यासू, लोकांचे भले चिंतणारा अधिकारीही ती पद्धत चालवू शकतो, कारण त्याला ती ज्ञान वाटते.

आष्टामोडहून आत वळले की लोहारा तालुका सुरू होतो. १९९९ साली उमरग्यातून वेगळा झालेला हा लहान तालुका, बाहेरच्यांना माहीत असलाच तर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपामुळे. सास्तूर याच तालुक्यात आहे. माकणीचा निम्न तेरणा प्रकल्पही इथलाच. तहसील, पोलीस ठाणे, बाजारपेठ, नगरपंचायत, असा तालुक्याच्या गावाचा नेहमीचा संसार. पण या तालुक्याला पोलिसी संशयाची स्वतःची आठवण आहे, आणि ती अभिमानाची आहे. हिप्परगा इथली राष्ट्रीय शाळा १९२१ साली सुरू झाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ झालेले व्यंकटेश खेडगीकर तिथे मुख्याध्यापक होते. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. त्या हुकमाचे गश्ती निशाण ५३ हे नाव मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला पाठ होते. स्टेट काँग्रेसवर तर ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली. खादी घालणारा मास्तर सरकारच्या नजरेत संशयित होता, आणि आज आपण त्याच मास्तरांची चरित्रे मुलांना शिकवतो. याच मातीतली दुसरी आठवण मात्र आपण टाळतो. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजांनी केलेल्या ‘पोलीस कारवाई’नंतर हैदराबाद संस्थानात मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांची पाहणी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता, आणि संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा तिचा अंदाज होता. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी त्याआधी केलेले जुलूम खरे होते, त्यांचे बळी खरे होते. पण रझाकार नसलेला विणकर किंवा शेतमजूर केवळ नावावरून रझाकारांच्या खात्यात टाकला गेला, हेही तितकेच खरे आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. लोहाऱ्याच्या परिसरात उभे राहून विचार केला की जन्मावरून दोषी धरणे म्हणजे काय, हे या भागाला दोन्ही बाजूंनी माहीत असले पाहिजे, असे वाटते. तरी पारधी वस्तीचा विषय निघाला की ही माहिती कामी येत नाही.

कारण तिथे जुनी पद्धत अजून रोजच्या कामाचा भाग आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १२२ घ्या. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत आढळणे हा या कलमाखाली गुन्हा आहे. सेटलमेंटच्या काळातल्या तरतुदीशी त्याचे नाते कोणाच्याही लक्षात येईल. हे कलम सर्वांसाठी आहे हे खरे; पण अंधारात कोण संशयास्पद दिसते हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर ठरते, आणि त्या डोळ्यांमागे दीडशे वर्षांची शिकवण आहे. चॅप्टर केस, तडीपारी, कोंबिंग ऑपरेशन, ‘रेकॉर्डवरचा’ माणूस, हे शब्द प्रत्येक ठाण्यात चालतात. धाराशिव जिल्ह्यात गावठी दारूच्या छाप्यांची पोलिसांची प्रसिद्धिपत्रके पाहिली तर आरोपीचा पत्ता ‘पारधी पिढी’ असा वारंवार येतो. पत्ता खराच असतो, त्यात लबाडी काही नाही. मात्र एखाद्या पाटलाच्या मुलावर जुगाराचा गुन्हा दाखल होतो तेव्हा वाचणाऱ्याला त्याचे गाव कळते, आणि पारध्यावर दारूचा गुन्हा दाखल होतो तेव्हा त्याची जमात कळते. वर्षानुवर्षे असे वाचत गेलेला समाज कोणता निष्कर्ष काढील? सर्वोच्च न्यायालयानेही ही पद्धत कल्पनेतली नसल्याचे मान्य केले आहे. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात न्यायालयाने म्हटले की मागास समाजांतल्या आणि गरीब वर्गातल्या निरपराध माणसांची नावे हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवली जात असल्याच्या अभ्यासांची दखल घ्यावी लागते, आणि राज्यांनी यावर देखरेखीची व्यवस्था करावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तुरुंगांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी रद्द केली. विमुक्त, म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्यातून मुक्त झालेल्या, जमातीच्या माणसाला जन्मानेच सराईत मानणाऱ्या तुरुंग नियमावल्यांवर त्याच निकालात बोट ठेवले गेले, आणि विमुक्तांची मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले गेले. कायदा रद्द झाल्यावर ७२ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे सांगावे लागले.

असा संशय माणसाचा जीव कसा घेतो? त्याचा रस्ता फार लांब नसतो. संशयिताला आणायला कारण लागत नाही, आणल्यावर नोंद लगेच होतेच असे नाही, नोंद नसलेल्या तासांत काय घडले याला साक्षीदार नसतो, आणि मेल्यावर ‘तो रेकॉर्डवरचा होता’ या वाक्याने गावाचे समाधान होते. १९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर कोठडीत मेला. जूनमध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी पोलिसांच्या मारहाणीत मेला. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी त्याच वर्षी विमुक्तांच्या हक्कांसाठी जे काम उभे केले त्यामुळे ही दोन नावे उरली. त्याआधीची किती नावे गेली याचा हिशेब कोणाकडेच नाही. गायकवाड लातूर भागातले, ‘उचल्या’चे लेखक, त्यांचे बालपण गेले तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होते, म्हणजे ते पुस्तक या शिवारांच्या शेजारचेच आहे. आणि हा केवळ भूतकाळ नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली, त्यावरच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. त्यात वडार समाजातला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मेला. सरकारी पातळीवर आजाराचे कारण पुढे आले. शवविच्छेदनाने अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याकडे बोट दाखवले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. एका मृत्यूवर साधा गुन्हा नोंदवायला सात महिने आणि दोन न्यायालये लागली. वडार हीसुद्धा सेटलमेंटच्या काळात संशयाखाली वावरलेली जमात. या एका प्रकरणातले कारण जमात हेच होते असे मी म्हणत नाही, ते न्यायालय ठरवील. पण विमुक्त, गरीब आणि आंदोलक माणसाच्या देहावर किती सहज हात पडू शकतो, हे मात्र त्याने पुन्हा दाखवले. हा संशय खाकी वर्दीपुरताही राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागून पोट भरणारे. भटका आहे म्हणजे काहीतरी करायलाच आला असणार, हे सरकारने शिकवलेले वाक्य जमावाने उचलले होते.

यावर पहिला आक्षेप गावातून येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. शेतवस्तीवर एकट्या राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडतो, म्हातारीच्या कानातली फुले ओरबाडली जातात, मोटारी आणि शेळ्या चोरीला जातात. हे सोसणारी माणसेही गरीबच असतात. ठाण्यात माणसे कमी, हद्द मोठी. मग हवालदाराने आपल्या अनुभवावर विसंबू नये काय? विसंबावे, पण अनुभव व्यक्तीचा हवा. ज्याच्यावर आधी गुन्हा शाबीत झाला आहे त्याच्यावर नजर ठेवणे वेगळे आणि त्याच्या वस्तीतल्या सगळ्या पुरुषांना उचलून आणणे वेगळे. आणि जमातीवरून घेतलेला संशय दरोडा सोसणाऱ्याच्याही कामाचा नसतो, हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिसून आले. जून २००३ मध्ये नाशिक भागात एका शेतमजूर कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना त्यात पकडले गेले. त्यांना फाशीची शिक्षा झाली आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केले. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. घटनेत वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते, आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्या, चुकीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करा, असे न्यायालयाने सांगितले. सोळा वर्षे सहा निरपराध माणसे तुरुंगात होती, त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ज्या कुटुंबाचा घात झाला त्याला या सगळ्यातून काय मिळाले? सहज उपलब्ध असलेला संशयित हाताशी होता, म्हणून खऱ्या गुन्हेगाराचा माग सोडून दिला गेला. सुरक्षेची काळजी असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने हा निकाल लक्षात ठेवावा असे मला मनापासून वाटते.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे. न्यायालये वर्षानुवर्षे चालतात, साक्षीदार फुटतात, मग एन्काउंटर झाला तर बिघडले कुठे? लोहाऱ्याहून महामार्गावर परत येऊन पूर्वेकडे जात राहिले तर हैदराबाद येते. त्या शहराच्या बाहेर ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांनी गोळ्या घालून मारले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. त्या गुन्ह्याने सगळ्यांच्या मनात पेटलेला संताप रास्तच होता. मग मराठी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने चौकशी केली, आणि २०२२ मध्ये बाहेर आलेल्या अहवालात म्हटले की आरोपींवर जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, चौघांपैकी तीन अल्पवयीन होते, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालावा. आपल्या राज्यातला अनुभव वेगळा नाही. २००६ सालच्या लखनभैया चकमकीला बनावट ठरवून १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रदीप शर्मा या गाजलेल्या अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. ज्याला वर्तमानपत्रांनी नायक केले होते त्याला. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू यांवरच्या याचिकेचा निकाल २३ सप्टेंबर २०१४ रोजी लागला होता. प्रत्येक चकमकीची स्वतंत्र यंत्रणेकडून चौकशी, दंडाधिकारी चौकशी, लगेच बढती आणि शौर्यपदक नाही, असे नियम त्यात घालून दिले गेले. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, बदलापूरच्या बाललैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, पेढे वाटले गेले, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांच्या कहाणीवर विश्वास ठेवला नाही. कायद्याने तर ही रेषा फार पूर्वीच आखली आहे. देहदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप ज्याच्यावर नाही, त्याला अटक करताना त्याचा जीव घेण्याचा हक्क पोलिसांना नाही. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये होते, नव्या संहितेच्या कलम ४३ मध्येही आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला पळून जाणाऱ्या निःशस्त्र माणसावर गोळी झाडू नका असे सांगायला १९८५ साल उजाडले. लिखित नियमांत आपण मागे नाही. मागे आहोत ते नियम कोणासाठी पाळायचा हे ठरवण्यात. आज टाळ्या मिळवणारी गोळी बलात्काराच्या आरोपीवर असते. पण टाळ्यांनी पक्का झालेला परवाना उद्या ज्याच्याविषयी कोणी विचारणार नाही त्याच्यावर वापरला जातो. पारधी वस्तीत विचारणारे फार थोडे असतात.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा. जात म्हणजे वंश नव्हे, इथे गोरे-काळे नाहीत, अमेरिकेचे चष्मे लावून मराठवाडा पाहू नका. यातला पहिला भाग बरोबर आहे. पारधी आणि पोलीस शिपाई यांच्या कातडीच्या रंगात फरक नसतो, आणि कित्येकदा शिपाईही मागास जातीतलाच असतो. भारत सरकारनेही संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठांवर हीच भूमिका घेतली. पण वांशिक भेदभावाविरुद्धच्या ज्या करारावर भारताची सही आहे, त्यात रंगाबरोबर वंशपरंपरेने आलेला भेदही मोडतो, आणि त्या कराराच्या समितीने २००७ साली भारताला सराईत गुन्हेगारांचा कायदा रद्द करून विमुक्तांचे पुनर्वसन करण्यास सुचवले. त्याआधी आपल्याच राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तशीच शिफारस केली होती. कराराचे कलम बाजूला ठेवले तरी नळदुर्गच्या किल्ल्यातल्या त्या कारभाऱ्याचा काळ आठवावा: गुन्हा रक्तातून उतरतो ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या वंशविचाराचीच पोर आहे. अमेरिकेशी आपला एक फरक मात्र खरोखर मोठा आहे, आणि तो आपल्या बाजूने नाही. तिथे फर्ग्युसन शहरात पोलिसाच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण मेल्यानंतर, २०१५ पासून, एका वर्तमानपत्राने पोलिसांच्या गोळीने मेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवायला घेतली; वर्षाला सुमारे हजार मृत्यू, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीयांचे मृत्यू गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक, हे त्या नोंदीतून दिसले. आपल्याकडे कोठडीत मेलेला माणूस विमुक्त होता काय याची वेगळी नोंद होत नाही. विमुक्तांची वेगळी मोजणीच स्वतंत्र भारतात झालेली नाही. रेणके आयोगाने २००८ साली आणि नंतर इदाते आयोगाने हा मुद्दा मांडला. भरीला कागदांचा गुंता: महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, राजपारधी आणि वडार विमुक्त जातींत. परिणामी अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण एकाला मिळते, दुसऱ्याला नाही; संशय घेताना मात्र हा भेद कोणी करत नाही.

उपाय काय, या प्रश्नावर मोठ्या घोषणांपेक्षा लोहाऱ्यासारख्या तालुक्यात काय घडू शकते याचाच विचार मला उपयोगाचा वाटतो. ठाण्यातल्या प्रत्येक हिस्ट्रीशीटची दरवर्षी बाहेरच्या अधिकाऱ्याने तपासणी करावी, आणि शाबीत गुन्हा नसलेले नाव काढून टाकावे; अमानतुल्ला खान निकालाचा अर्थ दुसरा काही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ठाण्याच्या प्रत्येक खोलीत, कोठडीत, व्हरांड्यात कॅमेरा हवा आणि चित्रण दीड वर्ष, ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष राखले जायला हवे. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात पत्ता म्हणून वस्तीची जमात छापणे बंद करायला तर कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही; जिल्हा अधीक्षकांचे एक परिपत्रक पुरे. सगळ्यात अवघड भाग तक्रारीचा आहे. कोठडीत मृत्यू झाला तर दंडाधिकारी चौकशी नव्या संहितेच्या कलम १९६ खाली सक्तीची आहे, पण तिचा निष्कर्ष आल्यावर पुढे नेमके काय करायचे हे संहिता स्पष्ट सांगत नाही. परभणीच्या प्रकरणात प्रकाश आंबेडकर यांनी न्यायालयासमोर हाच मुद्दा मांडला. पोलिसांविरुद्ध दाद मागण्यासाठी, पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंग निकालानंतर, महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने जी तक्रार प्राधिकरणे कायद्यात आणली, ती राज्य आणि महसुली विभाग या पातळ्यांवर. विभागाचे ठिकाण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद; खंडपीठही तिथेच. लोहाऱ्याहून ते अडीचशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे. पारधी वस्तीतल्या बाईला पोलिसांनी नवऱ्याला केलेल्या मारहाणीची तक्रार द्यायची तर रोजगार बुडवून, भाडे उसने आणून, मुले शेजारणीवर टाकून जायचे आणि संध्याकाळी त्याच ठाण्याच्या हद्दीत परतायचे. तिच्या नावावर घराची जागा नसते, रेशनकार्ड असेलच असे नाही, आणि तक्रार दिल्यावर तिच्या धाकट्या दिरालाही कलम १२२ लागू शकते. हे प्राधिकरण जिल्ह्याच्या ठिकाणी यावे, महिन्यातून एकदा तालुक्याला बसावे, तक्रारदाराचा प्रवासखर्च सरकारने द्यावा, आणि तक्रार दिल्यापासून सहा महिने तिच्या घरातल्या कोणाला प्रतिबंधात्मक कारवाईत घ्यायचे असेल तर अधीक्षकांची लेखी कारणे लागावीत. भूकंपानंतर याच तालुक्यातली गावे सरकारने उचलून नव्या जागी वसवली. त्या मानाने तहसील कार्यालयातली एक खोली, एक टेबल आणि महिन्याची एक ठरलेली तारीख एवढीच ही मागणी आहे.